आठवी पायरी: चहा

“आठवी पायरी कुठं गेली वं?” बेबीताईंनी विचारलं.

त्यांच्या डाव्या हाताचं बोट त्यांच्या वहीवर होतं आणि उजव्या हाताचं माझ्या छापील कागदावर. एकेक ओळ उतरत दोन्ही बोटं सातव्या पायरीपर्यंत बरोबरीनं आली होती. तिथं वहीवरचं बोट आठवर थांबलं आणि कागदावरचं थेट नऊवर गेलं.

“ती मी घेतली नाही, ताई.”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? वाचा ना काय लिहिलंय ते.”

त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, “चहा.”

“सर्व्हर चहा पीत नाही, ताई.”

सगळी खोली हसली. आमच्या संगणक केंद्राचे प्रमुख निंभोरकर सर तर टेबलावर थाप मारून हसले. ताईसुद्धा हसल्या. मग त्यांनी वही मिटली, तिला रबरबँड लावला आणि म्हणाल्या, “नसन पीत बापा. तुझं नवं अवजार आहे, त्याले लागत नसन.”

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून अमरावतीला परत आले होते आणि ‘पुण्याहून आलेली’ ही आमच्या ऑफिसात तेव्हा एक पदवीच होती. ती मी मोठ्या तोऱ्यानं मिरवत असे. आज त्या मुलीला पाहिलं तर मीच तिचा कान धरीन.

आमच्या शिक्षण संस्थेची पाच जिल्ह्यांत मिळून बावीस कॉलेजं होती आणि प्रत्येक कॉलेजच्या लॅबमध्ये एक सर्व्हर. पोरं प्रोग्राम लिहायची ते त्यावर, प्रॅक्टिकलची परीक्षा द्यायची तीही त्यावर. पोरांनी लिहिलेलं मशीनला कळायचं तर ती प्रोग्रामिंगची भाषा आधी मशीनवर बसवावी लागते. त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता आणि एप्रिलच्या परीक्षेआधी बावीसही ठिकाणी पायथॉनची नवी आवृत्ती बसवायची होती.

हे काम एकोणीस वर्षं बेबी गावंडे नावाची एक बाई हातानं करत आली होती. वर्षातून दोनदा त्या एस.टी.नं फिरतीवर निघायच्या. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि ती वही. वहीत चौदा पायऱ्या, गोल, टपोऱ्या अक्षरात. धारणीपासून पुसदपर्यंत तीन आठवडे. परत आल्या की चेहरा उन्हानं रापलेला आणि पिशवीत वरुडची संत्री, कुणी दिलेलं लोणचं, कुणाच्या मुलीची लग्नपत्रिका. कॉलेजांची नावं त्या कधी घेत नसत. “धारणी झालं” असं न म्हणता “कासदेकर झाला” म्हणत. अचलपूर म्हणजे रहीमभाई. प्रत्येक गावाला त्यांच्या लेखी एक लॅब असिस्टंट होता आणि गाव त्याच्या मागून येत असे.

त्या वर्षीच्या तीस एप्रिलला त्या निवृत्त होणार होत्या. म्हणजे ही शेवटची फिरती.

आणि मी पुण्याहून अॅन्सिबल नावाचं अवजार शिकून आले होते. त्यात मशीनवर काय काय हवं ते एकदा लिहून काढायचं, मग आपल्या खुर्चीत बसून एक आज्ञा द्यायची. ते अवजार सगळ्या मशीनवर जाऊन तसं करून येतं. जे आधीच झालेलं असेल त्याला हात लावत नाही. त्या लिखाणाला प्लेबुक म्हणतात. हे मी ताईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे दाराची कडी लागली का ते पाहाचं. लागली असन तर पुन्हा नाही लावाची.” मला हे कळायला पुण्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं होतं.

प्लेबुक मी त्यांच्या वहीवरूनच लिहिलं. वही त्यांनीच दिली, कुरकूर न करता. चौदातल्या तेरा पायऱ्या घेतल्या. आमच्या केंद्रातल्या मशीनवर सरांसमोर चालवून दाखवलं. चार मिनिटांत पायथॉन बसलं.

“बावीस मशीनला किती वेळ?” सरांनी विचारलं.

“तेवढाच, सर. सगळीकडे एकदम होतं.”

“मग गावंडे मॅडमला या उन्हात तीन आठवडे कशाला हिंडवायचं?” सर चांगल्या मनानंच म्हणाले. “फिरतीचा आदेश रद्द करून टाकू.”

ताई खिडकीजवळ उभ्या होत्या. “सर, एक डाव जाऊ द्या मले,” त्या म्हणाल्या. “शेवटचंच आहे. सगळ्यांले भेटून येईन.”

“अहो, भेटायला सुट्टी काढून जा ना. काम होतंय तर फिरती कशी मंजूर करू?”

 बावीस गावांना कुणी सुट्टी काढून जात नाही, हे सरांना ठाऊक नसेल, पण मला ठाऊक होतं. “सर, पहिल्या वेळी दोन्ही करू” एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण माझं अवजार जिंकलं होतं आणि मला ते जिंकलेलं हवं होतं.

त्या दिवशी डब्याच्या वेळी ताईंनी मला नेहमीसारखी आपल्या डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा दिला. “खाय,” म्हणाल्या, “पुण्यात उपाशी ठेवत होते का तुले?” मला तो ठेचा त्या दिवशी जरा जास्तच लागला.

परीक्षा सोमवारी होती. मी काम शनिवारवर ठेवलं. तासाभराचं काम, आधीपासून कशाला घाई करायची, असा माझा हिशोब होता.

शनिवारी सकाळी नऊला सगळ्या कॉलेजांत मशीन चालू करायला सांगितलं. दहाला निंभोरकर सर येऊन मागे खुर्ची टाकून बसले. मी आज्ञा दिली. पडद्यावर हिरव्या ओळी धावू लागल्या. एक, दोन, तीन, सातवी पायरी झाली, आणि त्यानंतर लाल. धारणी लाल. अचलपूर लाल. दर्यापूर, मेहकर, दिग्रस लाल. बावीसपैकी आठ हिरवी, चौदा लाल.

“हे काय?” सर म्हणाले.

“काही नाही सर, एक मिनिट.”

चूक नवव्या पायरीवर होती. पायथॉनची फाईल आमच्या केंद्रातल्या मशीनवर ठेवली होती आणि तिथून प्रत्येक कॉलेजनं ती उतरवून घ्यायची होती. उतरवण्याआधी समोरचं मशीन खरंच आपलंच आहे ना, हे एका प्रमाणपत्रावरून ताडून पाहिलं जातं. ते प्रमाणपत्र पडताळता येत नाही, एवढंच पडद्यावर लिहून येत होतं. प्रमाणपत्र मी स्वतः बनवलेलं. मी ते पुन्हा बनवलं. चौदाही ठिकाणी फोन करून म्हटलं, “मशीन बंद करा, प्लग काढा, परत लावा.” आमच्या धंद्यातला हा पहिला आणि शेवटचा उपाय. पुन्हा आज्ञा दिली. चौदा लाल. तिसऱ्यांदा प्रमाणपत्र बनवलं, पुन्हा प्लग काढायला लावले. चौदा लाल.

साडेअकरा वाजले. सर्व्हर रूममध्ये ए.सी. चालू होता आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

“प्राची,” सर हळू आवाजात म्हणाले, “परीक्षा पुढं ढकलायची तर मला आजच कळवावं लागेल. एकोणीसशे पोरं आहेत. धारणीची पोरं तर डोंगरातून आदल्या दिवशीच खाली येतात.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आता गावंडे मॅडमनासुद्धा पाठवता येत नव्हतं. दीड दिवसात चौदा गावं कोण करणार?

मी उठले आणि ताईंकडे गेले. त्या बाहेरच्या खोलीत कूलरसमोर बसून निवृत्तीचे फॉर्म भरत होत्या. मी काही बोलण्याआधीच त्यांनी पेन खाली ठेवला.

“अडलं?”

मी मान हलवली. डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी कूलरकडे पाहत होते.

“कोणते कोणते गाव?”

मी चौदा नावं सांगितली. त्या ऐकत होत्या आणि बोटांवर काहीतरी मोजत होत्या. “काल या सगळ्या लायनीवर लोडशेडिंग होतं,” त्या म्हणाल्या. “दुपारपासून. उरलेल्या आठ ठिकाणी इन्व्हर्टर आहे.” मग माझ्याकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, “तुझं अवजार सातव्यानंतर थांबते का?”

“नाही. लगेच नववी.”

“आणि अडल्यावर तू काय केलं?”

“मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. प्लग काढून.”

“व माय!” बेबीताईंनी कपाळावर हात मारला.

त्यांनी पिशवीतून वही काढली, रबरबँड सोडला आणि सातव्या पायरीवर बोट ठेवलं. ‘घड्याळ जुळवणारी सेवा चालू करणे.’ ही पायरी माझ्याही कागदावर होती. मी ती अक्षरशः उतरवून घेतली होती आणि तिचा एका क्षणासाठीही विचार केला नव्हता.

“हे मशीन म्हातारे आहेत,” ताई म्हणाल्या. “आतमधला सेल मेला सगळ्यांचा. लाईट गेली का तारीख विसरतात. उठल्यावर त्यायले वाटते, अजून दोन हजार दोन साल आहे. सातव्या पायरीनं आपण त्यायले खरी वेळ विचाराले लावतो. पण ते लगेच नाही मानत. दहा मिनिटं विचार करतात, मग काटा सरकवतात. आणि तू त्याच्या आधीच त्यायच्या पुढ्यात आजचं प्रमाणपत्र धरलं. दोन हजार दोनमधलं मशीन म्हणते, हा कागद तर अजून जन्मालेच नाही आला.”

 दर वेळी प्लग काढायला लावून मी स्वतःच चौदा मशीनना पुन्हा दोन हजार दोन सालात पाठवत होते.

“ताई, मग तुम्ही वहीत ‘दहा मिनिटं थांबणे’ असं का नाही लिहिलं?”

“लिहिलं होतं नं.” त्यांनी वहीचं अगदी जुनं पान उघडलं. तिथं आठव्या पायरीपुढं खरंच ‘१० मिनिटे थांबणे’ असं होतं आणि त्यावर काट मारलेली होती. “सेल मेल्यावरच्या पहिल्या दोन वर्षी. कोणीच नाही थांबलं. मी नाही, लॅबवाले नाही. दोन मिनिटं झाले का कोणी बटन दाबे, कोणी वायर हलवे. माणसाले थांब म्हटलं का त्याचे हात शिवशिवतात. मग मी चहा लिहिलं. चहा म्हटलं का माणूस बसते.”

“मला सांगायचं होतंत ना, ताई. त्या दिवशी.”

“तू विचारलं कुठं? हसली तू,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. “आणि इथं चाललं नं तुझं, सगळ्यांसमोर. मले वाटलं, नव्याले नसन लागत. मीही जराशी रुसली होती, खोटं कायले बोलू. चाल आता, फोन आण.”

ताई सर्व्हर रूममध्ये येऊन माझ्या खुर्चीत बसल्या. मी प्लेबुकमध्ये सातव्या पायरीनंतर दहा मिनिटांचा थांबा लिहिला आणि आज्ञा दिली. हिरव्या ओळी सातव्या पायरीवर येऊन थांबल्या. ताईंनी ऑफिसच्या फोनवरून पहिला नंबर फिरवला. नंबर त्यांना पाठ होता.

“कासदेकर, बेबीताई बोलून राहिली. मशीनले हात लावू नको. नाही, बटनही नाही. चहा ठेव. हो, तोच, गवती चहाची पात टाकून. दहा मिनिटं प्याचा. मी? मी नाही येऊ शकली यंदा, बापा. हो, तीस तारखेले. रडते कायले, बावळ्या?”

मग अचलपूर. “रहीमभाई, सलाम. चाय पी ली क्या? मग बनवा. मशीनजवळून उठा आणि चहा बनवा. पोरीचं काय झालं, दिवस गेले होते तिले? मुलगा! अरे वा! मले आता सांगून राहिले तुम्ही?”

चौदा फोन दहा मिनिटांत होणं शक्य नव्हतं. सातवा फोन चालू असतानाच थांबा संपला. मी पडद्याकडे पाहत होते, सर माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. नववी पायरी. धारणी हिरवं. अचलपूर हिरवं. एकामागून एक ओळी उतरत गेल्या. फक्त दिग्रस लाल राहिलं, कारण तिथल्या माणसाला ताईंचा फोन पोहोचायच्या आधीच त्यानं बटन दाबलं होतं. त्याला ताईंनी फोनवर असं काही झापलं की पुढच्या दहा मिनिटांत त्यानं बहुधा श्वासही घेतला नसेल. साडेबाराला बावीसही हिरवी होती.

सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही वाचवलंत.”

ताईंनी त्यांचं बोलणं ऐकलंच नाही. त्या उरलेल्या गावांना फोन करत होत्या. काम झालं होतं, तरी बावीसही गावं संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. बेचाळीस डिग्री उन्हात मी कँटीनमधून दोन कप चहा आणला आणि त्यांच्याजवळ स्टूलवर बसले. हीच त्यांची शेवटची फिरती, एवढं तर मला दिसत होतं.

सोमवारी परीक्षा सुरळीत झाली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. घड्याळानं दहा मिनिटं विचार करायची गरज नव्हती; खरी वेळ एकदम मशीनवर बसवणारी एक आज्ञा होती. एका सेकंदाचं काम. दहा मिनिटांचा थांबा काढून त्या जागी मी ती ओळ लिहिली. मोठ्या आनंदानं ताईंना दाखवायला नेलं. त्यांनी पुन्हा तशीच दोन बोटं लावून वाचलं. वहीवरचं बोट आठवर थांबलं.

“छान केलं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आता चहा लागत नाही.”

त्यांनी वही मिटली. “हे तुझ्याजवळच ठेव,” म्हणाल्या. “मी नेऊन काय करू?” आणि रबरबँड लावून ती माझ्या हातात दिली. मी जागेवर येऊन बसले, पण त्या दिवशी माझ्या हातून दुसरं काहीच काम झालं नाही. त्या बाईनं माझी लाज राखली होती आणि मी तिच्याजवळचं उरलंसुरलं काढून घेऊन, वर शाबासकी मागायला गेले होते.

तीस एप्रिलला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, सरांचं भाषण. मी भाषण केलं नाही, मला आलंही नसतं. मी त्या सकाळी प्लेबुकमध्ये दोन ओळी वाढवून आले होते.

पुढच्या परीक्षेच्या हंगामात सरांनी पडद्याकडे बघत विचारलं, “हा मधे दहा मिनिटं का थांबतो? तू तर घड्याळाचं दुरुस्त केलं होतंस ना?”

“स्थिरीकरण, सर,” मी म्हटलं.

“अच्छा, स्थिरीकरण,” सरांनी गंभीरपणे मान डोलावली. त्यानंतर कुणीच विचारलं नाही.

पाच वर्षांपूर्वी मी नागपूरला दुसऱ्या नोकरीवर आले. प्लेबुक तिथंच राहिलं. जुनी मशीन गेली, नवी आली, नव्या मशीनचे सेल चांगले आहेत, पण माझ्या जागी आलेल्या मुलाला मी जाताना बजावून सांगितलं होतं की आठव्या पायरीला हात लावायचा नाही. त्यानं कारण विचारलं. मी त्याला वही दिली आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही. शहाणा निघाला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी मुद्दाम रजा काढून अमरावतीला गेले. त्या मुलाकडून प्लेबुक चालवायची तारीख आधीच विचारून घेतली होती. सकाळी साडेदहाला ताईंच्या घरी पोहोचले. आता त्यांचे गुडघे दुखतात, घरात त्या एकट्याच असतात. तरी इस्त्रीची साडी नेसून, चष्मा लावून, फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“बरं झालं आली. पण आज मले जरा काम आहे,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. धारणी होतं. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“काही अडलं का, कासदेकर?” ताईंनी विचारलं.

“नाही ताई, काहीच नाही अडलं. चहा घेऊन राहिलो.”

मग ते नातवाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. फोन ठेवला तोच अचलपूर. रहीमभाई निवृत्त झाले आहेत, आता त्यांच्या जागी एक मुलगी आहे. ती ताईंना कधी भेटलेलीसुद्धा नाही, पण तिलाही गुडघ्यांची चौकशी करायची होती. त्यानंतर मेहकर.

मधे जरा उसंत मिळाली तशा ताई माझ्याकडे वळल्या. त्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढं धरला. कुणीतरी लॅबच्या पडद्याचा फोटो काढून त्यांना पाठवला होता. त्यावर मी त्या तीस एप्रिलच्या सकाळी प्लेबुकमध्ये वाढवलेल्या, थांब्याच्या वेळी फक्त लॅबच्या पडद्यावर उमटणाऱ्या दोन ओळी होत्या:

‘आठवी पायरी: चहा. दहा मिनिटं मशीनला हात लावू नये.

काही अडलं तर फोन करा, बेबीताई गावंडे,’ आणि पुढं त्यांचा नंबर.

“प्राची, एक विचारू?”

“विचारा ना.”

“घड्याळ तर तू त्याच साली नीट केलं होतं. एका सेकंदात होते, मले दाखवलं होतं तू. मी काही विसरली नाही.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मग हे दहा मिनिटं मशीनले कायले लागतात?”

हा प्रश्न माझ्याकडे कधीतरी येणार हे मला बारा वर्षं माहीत होतं. सरांना दिलं होतं ते उत्तर जिभेवर आलं होतं.

“मशीनला नाही लागत, ताई,” मी म्हटलं.

 त्या पदरानं चष्मा पुसू लागल्या आणि बराच वेळ पुसत राहिल्या. फोन पुन्हा वाजला.

“थांब, दर्यापूर आहे,” असं म्हणून त्यांनी तो कानाला लावला, आणि मग त्यावर हात ठेवून मला म्हणाल्या, “बसली काय नुसती? चहा ठेव.”